१४ हजारांची शीट लावू का? आधी पायातलं रक्त मोजा

पत्र

डॉक्टरताई नमस्कार. आम्ही कराड तालुक्यातले. माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ६६, शुगर १५ वर्षांपासून. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला घट्टा होता तो फुटून जखम झालीय, अडीच महिने होत आले, रुपयाच्या नाण्याएवढी आहे. दुखत नाही म्हणतात म्हणून शेतात पण जातात. ड्रेसिंग रोज मीच करते, बीटाडीन आणि गॉज. आता इथले डॉक्टर म्हणतायत कोलॅजनची शीट लावू, एका वेळचे १४ हजार, दोन-तीनदा लागेल. पुण्याचे भाऊजी म्हणतात थांबा, आता स्मार्ट हायड्रोजेल आलंय, औषध थेट जखमेतच सोडतं, व्हिडिओ पण पाठवलाय. एक पाहुणे स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवतायत, ८० हजार. सासूबाईंचं हळद-तूप चालूच आहे. त्यात आण्णा माळकरी, त्यांना कुणीतरी सांगितलं की शीट गाईच्या नाहीतर डुकराच्या कातड्याची असते, तेव्हापासून नाहीच म्हणतात. वर आषाढीला लोणंदपासून दिंडीत चालत जायचंच असा हट्ट. मी एकटी कुणाकुणाला समजावू? तुम्हीच सांगा काय करायचं.

— स.

उत्तर

ताई, उत्तर आधी देते, कारणं मग. शीट आत्ता नको. स्टेम सेल तर अजिबातच नको. हायड्रोजेलची वाट बघत बसू नका, हळद-तूप आजपासून बंद, आणि यंदाची वारी पायी नाही. एवढ्या सगळ्याला नाही म्हटल्यावर तुम्ही म्हणाल मग करायचं तरी काय, तर दोन कामं, याच आठवड्यात: पायातलं रक्त मोजून घ्या आणि त्या जखमेवरचं वजन काढा. बाकी सगळं, अगदी अमेरिकेतली लाखभराची शीटसुद्धा, या दोन गोष्टींच्या मागं रांगेत उभी राहते.

"दुखत नाही" हे वाक्य मला पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाटलं. तळव्याला नाण्याएवढं भोक पडलंय आणि माणूस त्यावर वजन टाकून बांधावरून फिरतोय, तुम्हाआम्हाला ते अर्धा तास पण जमणार नाही. शुगरनं पायाच्या नसा बधिर झाल्यात म्हणून आण्णांना जमतंय. डॉक्टर एक नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून बघतात, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणतात त्याला, तो टेकलेला कळत नसेल तर पायाची राखण करणारी जाणीव गेली असं समजायचं. ती टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे, फारसा खर्च नाही, आणि डावा पाय पण तपासायला सांगा, कारण तो पण त्याच माणसाचा आहे.

आता रक्त. पायाला रक्त पोचवणाऱ्या शिरा आतून बुजत आल्या असतील तर वरून काहीही लावा, जखम भरणार नाही. तुम्ही शेतकरी घरातल्या आहात, पाटाला पाणी नसताना महागडं बियाणं टाकून उगवेल का? कोलॅजन म्हणजे कातडी-हाडातलं प्रोटीन, त्याची शीट स्वतः कातडी तयार करत नाही, ती फक्त आण्णांच्याच पेशींना चढायला मांडव घालून देते, पेशी आणि ऑक्सिजन रक्तातूनच यायला हवेत. तर डॉक्टरांना विचारायचं की पायाचा डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त बघणारी सोनोग्राफी, केला का, एबीआय काढला का. एबीआय म्हणजे घोट्याचं प्रेशर भागिले हाताचं प्रेशर, ०.९ च्या खाली आलं तर शिरेत अडथळा आहे. पण इथं एक मेख आहे, जुन्या शुगरवाल्यांच्या शिरांमध्ये चुना साठून त्या कडक होतात, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत, मग आकडा खोटाच चांगला येतो, १.३ च्या वर वगैरे, आणि घरचे खूश होतात. अशा वेळी पायाच्या बोटाचं प्रेशर बघावं लागतं. ते ३० च्या खाली असेल तर आधी व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, अँजिओप्लास्टी लागते का ते बघायला, आणि तेही पुढच्या महिन्यात नाही, लगेच. नुसता हात लावून "नाडी लागतेय, ठीक आहे" यावर मी १४ हजार लावणार नाही.

(आण्णा तंबाखू मळतात किंवा बिडी ओढतात का ते तुम्ही लिहिलं नाहीये. करत असतील तर तंबाखूनं शिरा आणखी आवळतात हे त्यांना सांगा, माझं नाव सांगून सांगा.)

जखमेची तपासणी पण नीट व्हायला हवी. अडीच महिने झालेत आणि जागा अंगठ्याखालची, तिथं हाड फार लांब नसतं. सर्जन एक बोथट सळई जखमेत हलकेच घालून बघतात, टक्कन कडक लागलं तर हाडापर्यंत इन्फेक्शन गेल्याची शंका घ्यावी लागते. एक्सरे काढा, पण सुरुवातीचे दोन-तीन आठवडे एक्सरेत काही दिसत नाही, म्हणून एकदा नॉर्मल आला म्हणून कायमचं सुटलो असं होत नाही. हाड सडत असेल आणि वरून शीट लावली तर आपण आत पू ठेवून दार लावून घेतलं. आणि कडेचा तो पांढरा जाड घट्टा सर्जनकडून दर आठवड्याला-दोन आठवड्याला कापून घ्यावा लागतो, तो तसाच ठेवला तर तोच खडा बनून आतल्या मासाला चेपत राहतो. कापल्यावर जखम एकदम मोठी दिसेल, घाबरू नका, ती तेवढीच होती, झाकलेली होती. घरी ब्लेडनं हे करायचं नाही, नखं काढणाऱ्याकडून तर नाहीच नाही.

आता वजन, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे याच गोष्टीवर कोणी बोलत नाही. चालताना प्रत्येक पावलाला अंगठ्याखालच्या त्या जागेवर भार येतो, दिवसातून हजारो वेळा. रात्री जे थोडंफार भरतं ते सकाळी शेताच्या वाटेवर चिरडलं जातं. उपाय जुना आहे आणि तो आपल्याच देशात पक्का झालाय. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांचे हातपाय बघायचे, १९४६ पासून, तेव्हा समज असा होता की कुष्ठरोगात पाय आपोआप झडतो. ब्रँडनी दाखवलं की झडत नाही, बधिर पाय वापरून वापरून फाटतो. मग गुडघ्याखाली पायाला घट्ट चिकटून बसणारं प्लास्टर घालून, जखमेवरचा भार सगळ्या पायावर आणि पोटरीवर वाटून द्यायचा, ही पद्धत त्यांनी रुळवली आणि पुढे साठच्या दशकात ते अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग हॉस्पिटलात गेले तेव्हा तीच पद्धत तिथल्या शुगरच्या पेशंटसाठी गेली. टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. १९८९ मध्ये अमेरिकेतल्याच एका छोट्या अभ्यासात प्लास्टर घातलेल्या २१ जखमांपैकी १९ भरल्या, सरासरी ४२ दिवसांत, आणि नुसतं ड्रेसिंग न् जपून चाला असं सांगितलेल्या १९ पैकी ६ भरल्या. आता हे लक्षात ठेवा आणि मी खाली शीट-जेलचे आकडे देते तेव्हा तोलून बघा. प्लास्टर ऑफ पॅरिसची किंमत तुम्हाला माहितीच आहे.

अर्थात ते कुणालाही घालत नाहीत. रक्त फारच कमी असेल किंवा आत जोरात इन्फेक्शन असेल तर प्लास्टर घालणं धोक्याचं, म्हणून तर वरच्या तपासण्या आधी. आणि घालणारा माहितगार हवा, हाड मोडल्यावर घालतात तसं साधं प्लास्टर घातलं तर नवीन जखमा करून ठेवेल, बधिर पायाला कळणार पण नाही. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट मिळतो, तो घालून वरून प्लास्टरचा एक रोल गुंडाळून घ्यायचा म्हणजे काढता येत नाही. हे काढता न येणं फार महत्त्वाचं आहे हं. अमेरिकेतच मोजून बघितलं होतं, काढता येणारा बूट दिलेल्या पेशंटनी दिवसभरातली जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून टाकली, बाकी सगळी बुटाशिवाय, कारण घरातल्या घरात कशाला, असं सगळ्यांनाच वाटतं. आण्णा तर गोठ्यापर्यंत "आत्ता आलो" म्हणत अनवाणी जाणार. तेही नाही जमलं तर निदान एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या चपला आणि जखमेभोवती फेल्टची जाड गादी, पण हा शेवटचा पर्याय.

म्हणून वारी. आळंदीपासूनची वाट अडीचशे किलोमीटर, लोणंदपासून धरली तरी दीडशेच्या आसपास, पावसात, चिखलात, आणि मुक्कामाला ड्रेसिंग कुठं बदलणार? मी माऊलींच्या वाटेत आडवी येणारी नाही, माझ्या माहेरी पण माळ आहे. पण त्यांना असं सांगा की या जखमेनिशी चालत गेलात तर पुढच्या वारीला पाय असेलच याची खात्री नाही. दिंडीच्या सामानाच्या ट्रकात बसून, नाहीतर एसटीनं थेट पंढरपूर, कळसाचं दर्शन घेऊन परत, आणि तेही सर्जननी हो म्हटलं तरच. दिंडीप्रमुखांनाच फोन करून त्यांच्या तोंडून वदवून घ्या, सुनेचं ऐकत नाहीत ते विणेकऱ्याचं ऐकतात असा माझा अनुभव आहे.

आता या सगळ्यानंतर शीटकडे येऊ. कधी लावायची? वजन काढलं, घट्टा कापला, रक्त बरं आहे, इन्फेक्शन नाही, त्या दिवसापासून चार आठवडे मोजा. दर आठवड्याला त्याच दिवशी, जखमेशेजारी शाळेची पट्टी धरून फोटो काढा, लांबी-रुंदी वहीत लिहा. चार आठवड्यांत जखमेचा आकार निम्म्यावर आला तर काहीही महागडं न करता तेच चालू ठेवायचं. २००३ साली एका अभ्यासात दिसलं होतं की चार आठवड्यांत निम्म्याहून जास्त कमी झालेल्या जखमांपैकी ५८ टक्के बारा आठवड्यांत पूर्ण भरल्या, आणि तेवढ्या कमी न झालेल्यांपैकी फक्त ९ टक्के. म्हणजे शीटचा विचार त्या दुसऱ्या गटासाठी. तुमचे अडीच महिने यात धरायचे नाहीत, कारण त्या अडीच महिन्यांत वजन काढलंच नव्हतं.

शीटच्या मागची कल्पना मात्र खरी आहे, फसवणूक नाही. शुगरची जुनी जखम एकाच पायरीवर अडकून बसते, सूज उतरतच नाही, आणि तिथं कोलॅजन खाणारी एन्झाइम्स इतकी माजतात की शरीर जे नवीन विणतं ते तीच कुरतडून टाकतात. बाहेरून कोलॅजन दिलं की ती एन्झाइम्स त्याच्यावर तुटून पडतात आणि आतलं विणकाम जरा वाचतं, हा साध्या शीटचा हिशोब. त्याच्या वरची पायरी म्हणजे स्कॅफोल्ड, पेशींसाठी मुद्दाम बांधलेला मांडव. एमआयटीचे यानास आणि बॉस्टनचे सर्जन जॉन बर्क यांनी भाजलेल्या पेशंटसाठी गाईबैलांच्या कोलॅजनमध्ये शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून अगदी मोजून छिद्रं असलेला पडदा केला, वरून सिलिकॉनचा थर, पेशी त्या छिद्रांतून आत चढतात, दोन-तीन आठवड्यांनी खालचं मास तयार झालं की सिलिकॉन काढून पातळ कातडी लावायची. इंटेग्रा नावानं तो १९९६ ला अमेरिकेत मंजूर झाला, शुगरच्या पायासाठी मंजुरी मिळायला २०१६ उजाडलं. जिवंत पेशी भरलेली कातडी पण आहे, ॲप्लिग्राफ, नवजात बाळांच्या सुंता करताना काढलेल्या कातडीतून वाढवलेली, शुगरच्या पायासाठी २००० पासून. आपल्याकडे चेन्नईच्या सरकारी चामडे संशोधन संस्थेनं, सीएलआरआयनं, कोलॅजनवर बरीच वर्षं काम केलंय, आणि आजकाल केरळच्या श्री चित्रा संस्थेनं डुकराच्या पित्ताशयातून सगळ्या पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळीपासून कोलेडर्म नावाची शीट केलीय, तिला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मंजुरी पण मिळालीय. परदेशी मालाच्या मानानं ती खूपच स्वस्त पडावी असा त्यांचा हेतू आहे.

पण कल्पना खरी असणं वेगळं आणि आण्णांच्या पायावर उपयोग होणं वेगळं. शुगरच्या पायावर जगभरचे तज्ज्ञ बसून जे नियम काढतात त्याची २०२३ ची आवृत्ती सांगते की जखम भरावी म्हणून कोलॅजनचं किंवा अल्जिनेटचं ड्रेसिंग वापरू नका, चांदीचं नको, मधाचं नको, ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशी वाढवणारे पदार्थ नकोत, कातडीचे पर्याय सरसकट नकोत. नेहमीची सगळी काळजी घेऊनही भरत नसेल तर गर्भाच्या वारेपासून केलेल्या पडद्यांचा विचार करा, आणि रक्तपुरवठा थोडा कमी असलेल्या, इन्फेक्शन नसलेल्या जखमेवर सुक्रोज ऑक्टासल्फेटचं ड्रेसिंग बघा. त्या शेवटच्याच्या युरोपातल्या चाचणीत २० आठवड्यांत ४८ टक्के भरल्या, नुसत्या साध्या ड्रेसिंगवर ३० टक्के. ग्रोथ फॅक्टरचं जेल, पीडीजीएफ, १९९७ ला मोठ्या गाजावाजात आलं, त्याच्या चाचणीत ५० टक्के भरल्या, औषध नसलेल्या जेलवर ३५ टक्के. वाईट नाहीत हे आकडे, पण वरचे प्लास्टरचे आकडे आठवा. तुमचे डॉक्टर फसवतायत असं मी म्हणत नाही, ड्रेसिंगच्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे दर महिन्याला येतो, प्लास्टरच्या बादलीचा माणूस कुणाकडेच येत नाही, एवढंच. त्यांना शीटचं नेमकं नाव, कंपनी आणि ती कशापासून केलीय ते कागदावर लिहून मागा, कारण साध्या कोलॅजन शीट १४ हजारांपेक्षा बऱ्याच स्वस्तात मिळतात, म्हणजे ही कुठली तरी वेगळी असणार.

वारेचा पडदा लागलाच तर मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक आहे, १९८८ पासून, बाळंतपणात दान मिळालेल्या वारेचा पडदा वाळवून गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतात. सर्जनला माहीत असेलच, नसेल तर सांगा. आणि मुंबईचाच एक किस्सा सांगायचा मोह आवरत नाहीये, वाडिया हॉस्पिटलमध्ये डॉ. केसवानींनी ऐंशीच्या दशकात भाजलेल्या पोरांना उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं निर्जंतुक ड्रेसिंग लावून बघितलं आणि १९८५ ला जर्नलमध्ये छापलं, ओलावा टिकतो, चिकटत नाही, पैशात सांगायचं तर फुकट. गरीब देशाचा बायोमटेरियलच तो. पण ते भाजण्यासाठी आणि हॉस्पिटलात केलेलं, घरी साली चिकटवायला जाऊ नका, मी सांगितलं म्हणून तर नकोच.

आण्णांच्या माळेचं. हा प्रश्न उडवून लावायचा नाही, पायावर काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं आणि खरं सांगून ठरवू द्यायचं. त्यांना कुणी सांगितलं ते खोटं नाही, कोलॅजन बऱ्याचदा गाय-बैल-म्हशीच्या वर्गातलं असतं, पाकिटावर बोव्हाइन लिहिलेलं असतं, काही डुकराचं असतं, काही माशाचं. आइसलँडची एक कंपनी कॉड माशाची अख्खी कातडीच वापरते. कायटोसान म्हणून लिहिलेलं असेल तर ते कोळंबीच्या टरफलातून आलेलं. माशाला पण नाही म्हणत असतील तर अल्जिनेट आहे, ते समुद्री शेवाळाचं, सेल्युलोजची ड्रेसिंग आहेत, फोम आहेत, सिलिकॉन आहे, यात कुणाचा जीव गेलेला नसतो. आणि आत्ता त्यांना लागतंय ते प्लास्टर, ते तर निव्वळ जिप्सम, दगडाचं. तुम्हाला मनातल्या मनात हसू आलं तर हसा, पण आण्णा आजवर ज्या कॅप्सूल गिळत आले त्यांचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं, म्हणजे हाडा-कातड्याचंच असतं. हे त्यांना आत्ता सांगू नका बाई, गोळ्या पण बंद करतील.

भाऊजींचं हायड्रोजेल. साधं हायड्रोजेल जुनंच आहे, बहुतेक पाणीच असतं त्यात, कोरड्या जखमेला ओलावा द्यायला छान. ओलावा लागतो हे १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या इंग्लंडच्या माणसानं डुकरांवर दाखवलं, प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली ओली ठेवलेली जखम उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगानं झाकली गेली. म्हणून "हवा लागू दे, सुकू दे" हे तुमच्या घरात कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. पण पाणी गळणाऱ्या जखमेवर जेल लावलं तर कडेची कातडी पांढरी पडून भिजते आणि जखम पसरते, तिथं उलट अल्जिनेट किंवा फोम पाहिजे, जखम भरावी म्हणून नाही, पाणी शोषून घ्यायला. हा असा रोजचा, कंटाळवाणा निर्णय असतो, त्याचा व्हिडिओ कुणी करत नाही.

व्हिडिओतलं स्मार्ट जेल म्हणजे शुगर वाढली, आंबटपणा बदलला किंवा ती कुरतडणारी एन्झाइम्स आली की त्या इशाऱ्यावर औषध सोडणारं. विचार फार सुंदर आहे, कारण ग्रोथ फॅक्टर नुसता जखमेवर ओतला तर तीच एन्झाइम्स त्याला लगेच खाऊन टाकतात, जेलमध्ये लपवून हळूहळू सोडला तर टिकतो. पण व्हिडिओ थांबवून बघा, पाठ कुणाची आहे? उंदराची असणार. उंदराच्या कातडीखाली एक पातळ स्नायू असतो, तो जखमेच्या कडा आपोआप ओढून जवळ आणतो, म्हणून उंदीर कशानेही लवकर बरा होतो. आपल्या तळव्याला तसलं काही नाही. शिवाय त्या उंदराला १५ वर्षांची शुगर नसते आणि तो दिंडीला पण जात नाही. औषध थेट जखमेत सोडायचे माणसांवरचे मोठे प्रयत्न झालेत, जेंटामायसिन भरलेला कोलॅजनचा स्पंज शुगरच्या पायाच्या इन्फेक्शनसाठी मोठ्या चाचणीपर्यंत गेला आणि २०१६ ला पडला, त्याच वर्षी बेडकाच्या कातडीतल्या पदार्थावरून बनवलेलं पेक्सिगॅनन नावाचं मलम पण पडलं. वापरात आहेत त्या गोष्टी साध्या आहेत: हाड साफ केल्यावर पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटच्या किंवा विरघळणाऱ्या कॅल्शियम सल्फेटच्या गोळ्या ठेवतात, औषध तिथंच भरपूर, किडनीवर भार कमी. आण्णांचं हाड खराब निघालं तर सर्जन हे बोलतील तेव्हा दचकू नका.

स्टेम सेलवर मी दोनच वाक्यं लिहिणार. आपल्याकडे रक्ताचे काही आजार वगैरे ठरावीक गोष्टी सोडल्या तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, पायाच्या बंद शिरांसाठी बेंगळुरूच्या एका कंपनीचं एक उत्पादन मंजूर आहे पण ते रक्तच पोचत नाही अशा पायासाठी, कुठल्याही जखमेत टोचायला नाही. पाहुण्यांना विचारा की ही क्लिनिकल ट्रायल आहे का, असेल तर ट्रायलमध्ये पेशंटकडून ८० हजार कसे घेता, आणि मग ते काय उत्तर देतात ते मला नक्की कळवा.

सासूबाईंना दुखवू नका, हळद दुधातून द्या म्हणावं. जखमेत पूड गेली की सगळं पिवळं होतं, खाली पू आहे की हळद ते सर्जनला पण कळत नाही, आणि घरातलं तूप-मध निर्जंतुक नसतं. औषधी मध म्हणून जो मिळतो तो किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नाही. रोजचं बीटाडीन पण आता थांबवा, डॉक्टरांना विचारून सलाइननं धुवा, बीटाडीन जंतूंबरोबर नवीन कोवळ्या पेशींना पण मारतं.

पैशाचं बोलायचं तर त्या १४ हजारांतून डॉप्लर, एक्सरे, प्लास्टर किंवा बूट, सर्जनच्या काही फेऱ्या आणि शुगरच्या पट्ट्या असं बरंच निघेल. अँजिओप्लास्टी किंवा ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, ॲडमिट झाल्यावर नाही. जेवणात डाळी, दूध, कडधान्यं वाढवा, किडनीचे रिपोर्ट बरे असतील तर, कारण नवीन मास प्रोटीननंच बनतं. आणि जखम भरली तरी सुटका नाही हे आत्ताच मनात ठेवा, भरलेल्यांपैकी साधारण ४० टक्के जणांना वर्षभरात परत होते, म्हणून चपला आणि रोज रात्री बॅटरी घेऊन तळवे बघणं हे कायमचं.

न बघता मी एवढंच सांगू शकते. पण जखमेभोवती लाली दोन बोटांपेक्षा जास्त पसरली, वास यायला लागला, बोट काळं-निळं पडलं, पाय एकदम सुजून गरम झाला, थंडी वाजून ताप आला, किंवा काही कारण नसताना शुगर अचानक ३००-४०० गेली तर दवाखाना उघडायची वाट बघू नका, रात्र असली तरी जिथं सर्जन असेल तिथं कॅज्युअल्टीत न्या, आणि जाताना तो फोटोंचा मोबाईल, मापांची वही आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका.